सव्वीस आठवडे

उचगावच्या त्या घरात दोन सुना होत्या आणि दोघीही नोकरी करत होत्या. दोघींमधलं साम्य तेवढंच.

थोरली पूर्णिमा महाद्वार रोडवरच्या एका साडीच्या दुकानात तेरा वर्षं उभी होती. उभी म्हणजे खरोखरच उभी. सकाळी दहाला शटर वर जायचं, रात्री साडेआठला खाली यायचं आणि मधल्या वेळात बसायचं नाही, असा दुकानाचा दंडक होता. गिऱ्हाईक असो वा नसो. आत पाऊल टाकणाऱ्याला बसलेल्या बायका दिसल्या तर दुकान चालत नाही असं वाटतं, असं मालकांचं म्हणणं. कॅमेरे लागल्यापासून तर भिंतीला टेकायचीही सोय राहिली नव्हती. दुपारी जेवायला वीस मिनिटं मिळायची, तीही वरच्या मजल्यावर, रिकाम्या खोक्यांच्या मधे मांडी घालून. त्या वीस मिनिटांत भाकरीपेक्षा मांडीच जास्त गोड लागायची.

धाकटी राजनंदिनी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, कपडे शिवायच्या कंपनीत होती. घरात तिला नंदिनी म्हणत. तिला न्यायला हायवेवर कंपनीची गाडी यायची. मशीनवर बसून काम, रविवारी सुट्टी, कॅन्टीनमध्ये गरम जेवण. पगार दोघींचा उन्नीस-बीस होता, त्यामुळे पगाराचं पूर्णिमाला काही वाटत नसे. वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टींचं. नंदिनीला ताप आला की ती ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड घेऊन दवाखान्यात जायची आणि घरी येऊन पांघरूण घेऊन झोपायची. पूर्णिमाला ताप आला की ती गोळी गिळून केएमटीची बस पकडायची. एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोघी, पण एकीचा ताप पगारी होता आणि दुसरीचा बिनपगारी.

नंदिनीला आठवा महिना लागला तेव्हा, मे महिन्यातल्या एके दिवशी, ती कंपनीचा एक कागद घेऊन घरी आली. बाळंतपणाची रजा मंजूर झाली होती. सव्वीस आठवडे, आणि त्या सगळ्या दिवसांचा पगार ईएसआयकडून थेट बँकेत जमा होणार होता. सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, ते काही केल्या पटेना. त्यांनी तो कागद दोनदा वाचून घेतला.

“घरात बसून पगार?” त्यांनी विचारलं.

“घरात बसून.”

“आणि नोकरी?”

“ती हाय तिथंच ऱ्हातीया की आक्का.”

पूर्णिमा नुकतीच दुकानातून आली होती. दारात चपला काढता काढता तिनं हे सगळं ऐकलं. आक्कांनी तिच्या हातावर पेढा ठेवला. तिनं तो तोंडात टाकला, बरं झालं म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली. पहिली भाकरी तिनं करपवली, दुसरीही करपवली. तव्याकडे बघता बघता ती मनात हिशेब करत होती. सव्वीस आठवडे म्हणजे एकशे ब्याऐंशी दिवस. तिला स्वतःला एकवीस मिळाले होते.

बारा वर्षांपूर्वी तिची ईश्वरी झाली, तेव्हा ती कळा सुरू होईपर्यंत दुकानात उभी होती. एकविसाव्या दिवशी मालकांचा निरोप आला की यायचं असेल तर ये, नाहीतर दुसरी बाई बघतो. नवरा ज्ञानू गांधीनगरच्या कापडबाजारात गठ्ठे उचलायचा. त्या वर्षी त्याची पाठ धरली होती, तो घरीच होता. पूर्णिमा बाविसाव्या दिवशी गेली. दुपारी बारा-साडेबाराला छाती दगडासारखी व्हायची. पदराच्या आत तिनं जुन्या लुगड्याच्या घड्या घातल्या होत्या, तरी एकदा गिऱ्हाइकाला साडी खांद्यावर टाकून दाखवताना दूध झिरपलं आणि रेशमी साडीवर डाग पडला. गिऱ्हाईक बाईच होती. ती तोंड वाकडं करून बाजूला सरकली. मालक रागावले नाहीत. त्यांनी फक्त तिला वरच्या मजल्यावर परकरांच्या कप्प्यापाशी उभं केलं. दीड महिन्यात दूध आटलं आणि ईश्वरी डब्याच्या पावडरीवर वाढली. त्या वेळेला पूर्णिमाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. नोकरी अशीच असते, एवढंच तिला ठाऊक होतं. आता एका कागदानं तिला सांगितलं, की अशीच नसते.

जुलैच्या सुरुवातीला नंदिनीला मुलगी झाली. मुलगा झाला असता तर थोरलीच्या पोटात त्यामुळे दुखतंय असं लोक म्हणाले असते, आणि पूर्णिमालाही तसं समजून घेता आलं असतं. मुलगीच झाल्यानं तिला स्वतःपाशी तोही बहाणा उरला नाही. नंदिनीचं माहेर शिरोळकडचं, बाळंतपणाला ती तिकडंच गेली होती. कृष्णेचं पाणी चढायला लागलं तसं तिला पाचव्या आठवड्यातच उचगावला परत आणावं लागलं. मग बाळ आणि बाळंतीण दोघी पूर्णिमाच्या डोळ्यांसमोरच आल्या.

सकाळी ती डबा भरत असायची तेव्हा आक्का पायांवर बाळ घेऊन तेल लावत असायच्या आणि नंदिनी शेजारी बसून अळिवाची खीर खात असायची. रात्री ती परत यायची तेव्हा नंदिनी दुपारची झोप झाल्याच्या तजेल्यानं तिला विचारायची, लय दमलासा काय वैनी? तो प्रश्न साधा होता. पूर्णिमाला तो टोमण्यासारखा लागायचा. सोमवारी दुकान बंद असलं की घरी राहून तिला सगळा दिवस बघावा लागायचा, म्हणून तिला सोमवारही नकोसा झाला. बाळाला तिनं एकदाही मांडीवर घेतलं नाही. बाहेरून आलोय, हात धुतो, म्हणायची आणि हात धुवून चुलीकडे जायची. आपल्याला काय होतंय हे तिला कळत नव्हतं असं नाही. ती काही अडाणी नव्हती. पण कळून ते थांबत नव्हतं.

सप्टेंबरात, एका मंगळवारी दुपारी, ती खोक्यांच्या मधे जेवत असताना तिचा फोन वाजला. नंदिनीनं माहेरी जाताना कंपनीत दुसरा नंबर म्हणून तिचा नंबर दिला होता. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या की नंदिनीचा फोन लागत नाही, निरोप द्या. बाळाच्या जन्माचा दाखला ईएसआयच्या ऑफिसात शुक्रवारच्या आत पोचला पाहिजे, नाहीतर पुढचे पैसे अडकतील. पूर्णिमा म्हणाली, सांगते.

सांगायचंच म्हणून ती घरी आली. त्या दिवशी दुकानात साताऱ्याकडचं लग्नाच्या बस्त्याचं गिऱ्हाईक होतं. पाच तास तिनं साड्या उलगडल्या आणि पाच तास घड्या घातल्या. तळपाय असे पेटले होते की रंकाळा स्टँडपासून गाडीत उभं राहताना ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकत होती. ती घरात आली तर नंदिनी कुशीवर वळून बाळाला पाजत होती आणि आक्का काशाच्या वाटीनं नंदिनीच्या तळपायांना तेल घासत होत्या. बाळंतिणीच्या डोळ्यांना थंडावा मिळतो म्हणून.

निरोप पूर्णिमाच्या जिभेवर आला होता. तो तिनं गिळला.

उद्या सांगू, असं ती मनाशी म्हणाली. बुधवारी तेच म्हणाली, गुरुवारीही तेच. शुक्रवारी दुपारी घड्याळाकडे बघताना तिला भीती वाटली, आणि त्या भीतीच्या खाली कुठंतरी बरंही वाटलं. आपल्या हातानं आपण काहीतरी सारखं केलंय असं ते बरं वाटणं होतं.

पैसे आले नाहीत. आठवडा गेला, दुसरा गेला. नंदिनीचा नवरा अमरसिंह भाड्यानं टेम्पो चालवायचा आणि नेमकी त्याच महिन्यात त्याला भाडी नव्हती. नंदिनीनं आणखी दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी तिनं आक्कांना सांगितलं की रजेचं काही खरं दिसत नाही, मी पुढच्या सोमवारपासून कामाला जाते, बाळाला वरचं दूध चालू करू.

शनिवारी सकाळी पूर्णिमा आंघोळ करून आली तर स्वयंपाकघरात नंदिनी एकटीच बाळाला वाटी-चमच्यानं दूध पाजायला बघत होती. बाळ तोंड फिरवत होतं. चमचा लावला की फिरवत होतं, पुन्हा लावला की पुन्हा. नंदिनीच्या ब्लाउजला पुढं दोन ओले डाग पडले होते. पूर्णिमाला ते बघवेना. नंदिनीची दया आली असं नाही. तिला तिथं ईश्वरी दिसली, आणि आपण स्वतः दिसलो.

“ऑफिसात एकदा फोन लावून इचार की,” ती म्हणाली आणि डबा न घेताच बाहेर पडली.

नंदिनीनं फोन लावला. ऑफिसातल्या बाईंनी तिला निरोप कधी, कुणाला आणि काय सांगितला होता ते सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, सकाळची दुकानाला निघायच्या आधीची वेळ. पूर्णिमा परसात दगडावर कपडे धूत होती. नंदिनी आली आणि समोर उभी राहिली. आवाज चढवला नाही तिनं. आत आक्का होत्या.

“वैनी, तुमी इसरलासा काय?”

इसरलो, म्हणायला पूर्णिमाला काहीच अडचण नव्हती. नंदिनीनं मुद्दामच तेवढी वाट ठेवली होती, हेही तिला कळलं. त्याचाच तिला राग आला.

“न्हाय,” ती म्हणाली. “इसरलो न्हाय. मुद्दाम सांगितलं न्हाय.”

“का?” नंदिनी म्हणाली.

“मला एकवीस दीस मिळालं हुतं.”

“मग त्ये मी खाल्लं व्हय?” नंदिनीनं विचारलं. “माझं बुडवून तुमाला मिळणार हाय का? तुमच्या मालकाकडं मागायचं. माझ्या लेकराच्या तोंडचं काय काढताय?”

नंदिनी आत गेली.

दाखला जमा झाला आणि पंधरा दिवसांनी पैसेही आले. नंदिनी कामावर लवकर गेली नाही. झाल्या प्रकाराबद्दल तिनं घरात चकार शब्द काढला नाही, ना आक्कांपाशी, ना नवऱ्यापाशी. फक्त पूर्णिमाशी बोलणं बंद केलं. पूर्णिमाला वाटलं, सांगितलं असतं तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, आक्कांनी चार शब्द सुनावले असते आणि मोकळं झालं असतं. एवढं मोठं मन नंदिनीला परवडतंय, याचाही तिला हेवा वाटला.

दिवाळी तोंडावर आली. दुकानात मोना नावाची शिवाजी पेठेतली मुलगी होती, दोन वर्षांपूर्वी लागलेली. कामाला चलाख, गिऱ्हाइकाला चहा सांगून तीन साड्या खपवणारी. तिला पाचवा महिना लागला होता आणि आता ते दिसायला लागलं होतं. मालकांची सून वल्लरी हिशेबाच्या कॉम्प्युटरवर बसायची. एका दुपारी तिनं मोनाला बोलावून गोड शब्दांत सांगितलं की दिवाळी झाली की तू थांब, बाळंतपण होऊ दे, मग जागा असली तर बघू. मोना वर येऊन खोक्यांच्या मागं रडली. बाकीच्या बायकांनी तिची समजूत घातली. नोकरी अशीच असते, असं त्यांतली एक म्हणाली.

ते वाक्य पूर्णिमाच्या कानात खुपलं. बारा वर्षं ते तिचं स्वतःचं होतं. आणि त्यावर, परसातल्या दगडापाशी नंदिनी जे बोलली होती ते उसळून वर आलं. तुमच्या मालकाकडं मागायचं.

त्या रात्री महिन्याभरानं ती पहिल्यांदा नंदिनीच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली की तुझा तो रजेचा कागद मला पाहिजे. कशाला, ते सांगितलं. नंदिनीनं ट्रंकेतून कागद काढला.

“झेरॉक्स काढा,” ती म्हणाली. “मूळ माझं मला परत पाहिजे.”

मग तिनं आपणहून सांगितलं, की कंपनीत मॅडमनी एकदा सगळ्यांना समजावलं होतं, नुसत्या कारखान्याला नव्हे, दहा किंवा त्याहून जास्त माणसं असली तर दुकानालाही हे लागतं. किती हायसा तुमी? पूर्णिमानं बोटांवर मोजलं. चौदा.

मालकांना सगळे नृसिंहकाका म्हणत. माणूस वाईट नव्हता. दसऱ्याला सगळ्यांना साडी द्यायचा, कुणाच्या घरी मयत झालं तर स्वतः जायचा. पूर्णिमानं गल्ल्यासमोर कागद ठेवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, “हे कंपनीचं झालं गं. आपलं दुकान आहे.”

“दुकानालाबी लागतं काका. धा माणसं झाली की.”

“मस्टरवर नऊच नावं आहेत.”

“मस्टरवर नऊ असतील,” पूर्णिमा म्हणाली. “फरशीवर चौदा उभ्या हायेत.”

काकांनी चष्मा काढला. तेवढ्यात आजूबाजूच्या कप्प्यांवरच्या बायका एकेक करून गल्ल्यापाशी आल्या. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. उभं राहायची सवय त्यांना दुकानानंच लावली होती. दारात दोन गिऱ्हाइकं ताटकळली होती, उलगडलेल्या साड्यांचा ढीग गादीवर तसाच पडला होता आणि दिवाळीला आठ दिवस होते. काकांना हे सगळं दिसत होतं.

“तुला काय करायचंय यात?” ते पूर्णिमाला म्हणाले. “तुझी पोर तर केवढी मोठी झाली.”

“व्हय, झाली मोठी. तवा मला मागायचं ठाऊक नव्हतं. आता झालंय.”

कॉम्प्युटरपाशी बसलेली वल्लरी इतका वेळ मान खाली घालून होती. ती हळूच म्हणाली, “बाबा, ही म्हणते ते खरं आहे. मी बँकेत होते तेव्हा मला मिळाली होती सहा महिने रजा.”

पूर्णिमानं तिच्याकडे बघितलं. वल्लरीचा मुलगा आता शाळेत जायचा. तो तान्हा होता तेव्हा ती लोकरीच्या शालीत त्याला घेऊन दुकानात यायची आणि सगळ्याजणी कौतुक करायच्या, पूर्णिमाही करायची. म्हणजे हिलाही मिळाली होती. आणि तरी हिनं मोनाला थांब म्हणून सांगितलं. पूर्णिमाच्या छातीत पुन्हा ते ओळखीचं पेटलं, पण या खेपेला तिनं ते गिळलं नाही.

“मग वैनीसाब, तुमाला तर सांगायलाच नको,” ती म्हणाली.

वल्लरीचे कान लाल झाले.

काकांनी दिवाळीनंतर बघू म्हणून वेळ मारून नेली. पण दिवाळी झाल्यावर पूर्णिमा पुन्हा गल्ल्यापाशी गेली, आणि त्याच्या पुढच्या सोमवारनंतर पुन्हा. शेवटी ठरलं ते असं, की मोनाला तीन महिने पूर्ण पगार आणि नोकरी कायम. शिवाय दुकानात दोन स्टूल येतील आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा आळीपाळीनं बसायला हरकत नाही.

घरी येऊन तिनं हे नंदिनीला सांगितलं. नंदिनी बाळाला झबलं घालत होती. तिची रजा संपायला पंधरा दिवस राहिले होते.

“कायद्यात सहा महिनं हायेत,” ती म्हणाली. “तीन न्हाय.”

“ठाऊक हाय. फुडच्या बाईला सहा मागतो.”

“आणि तुमचं?”

“माझं काय? मला स्टूल.”

नंदिनीला हसू आलं. ते लपवायला तिनं मान खाली घातली. पूर्णिमाला हसू आलं नाही. मोनानं दुकानात पेढे वाटले होते, सगळ्यांदेखत तिच्या पाया पडली होती, ताईंमुळं झालं म्हणाली होती, आणि पेढा खाताना पूर्णिमाच्या मनात आलं होतं की हिलाही मिळालं. आपण भांडून मिळवून दिलं, तरी हिचाही हेवा वाटतोय, हे तिनं नंदिनीला सांगून टाकलं. दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं. नंदिनीला तिचं आधीच ठाऊक होतं.

“वाटंलच की,” नंदिनी म्हणाली. “पण निरोप पोचवत जावा.”

ती थट्टा होती की नव्हती, ते पूर्णिमाला कळलं नाही. नंतरही कधी तिनं विचारलं नाही. डिसेंबरात नंदिनी कामावर रुजू झाली. पहिल्या दिवशी गाडीची वेळ झाली तरी ती बाळापाशी रडत बसली. सहा महिने मिळून हिला रडायला येतंय, असं पूर्णिमाच्या मनात येऊन गेलं. तिनं बाळाला उचलून घेतलं आणि नंदिनीला म्हणाली, जा, गाडी चुकंल. बाळ जड होतं. इतकं जड असेल असं तिला वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीत मोना रजेवर गेली आणि तिच्या जागी तीन महिन्यांसाठी कागलची एक मुलगी आली. पदवीधर होती. दुसऱ्याच दिवशी दुपारी दुकान रिकामं असताना ती आपण होऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली आणि पायावर पाय टाकून पाणी पिऊ लागली. तिनं कुणाला विचारलं नाही, कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. साडीच्या दुकानात स्टूल असतातच, असं तिला वाटत होतं.

पूर्णिमा समोरच्या कप्प्यापाशी उभी होती. तेरा वर्षं, असं तिला त्या मुलीला सांगायचं होतं. ऊठ, असंही सांगायचं होतं. तिचा जीव असा जळला की हातातल्या साडीची घडी वाकडी झाली. ती तिनं पुन्हा उलगडली, पुन्हा नीट घातली आणि कप्प्यात ठेवली. मग जाऊन दुसऱ्या स्टुलावर, त्या मुलीच्या शेजारी बसली.

“नवीन हायसा न्हवं?” तिनं विचारलं. “मस्टरवर नाव घातलंय का तुमचं? न्हाय? मग आधी त्ये घालून घ्या.”